सरीत फिल्म ओढायची नाही, सोडायची: पन्हळी पत्र्यावर व्हिनायल ग्राफिक्स

जुन्या शिपिंग कंटेनरचं साइट ऑफिस होतं, कॅफे होतो, फिरता दवाखानाही होतो. मग त्याच्या भिंतीवर नाव आणि चित्र हवं असतं. काचेवर किंवा सपाट बोर्डावर व्हिनायल, म्हणजे मागे गोंद असलेली प्लास्टिकची फिल्म, लावणारा माणूस तीच फिल्म आणि तीच सवय घेऊन येतो. लावलं त्या दिवशी काम झकास दिसतं. आठ-पंधरा दिवसांत पन्हळीच्या खोलगट भागात फिल्म पत्र्यापासून सुटते आणि वरपासून खालपर्यंत पोकळ तंबू उभे राहतात. बोल गोंदाला लागतो. चूक मात्र बहुतेकदा मोजमापात आणि हाताच्या पद्धतीत झालेली असते.

पुढचं नीट कळावं म्हणून शेतातले दोन शब्द उसने घेऊ. पत्र्याचा बाहेर आलेला पट्टा म्हणजे वरंबा, आत गेलेला म्हणजे सरी. दोन्हींना जोडणारी तिरकी बाजू म्हणजे उतार.

पत्रा किती फिल्म खातो

कंटेनरच्या लांब भिंतीची नेहमीची घडण अशी असते: वरंबा ७२ मिमी, सरीचा तळ ७० मिमी, दोन उतार आडव्या मापाने प्रत्येकी ६८ मिमी, खोली ३६ मिमी. एक पूर्ण पन्हळ सरळ टेपने २७८ मिमी भरते. पण उताराची खरी लांबी ६८ मिमी नसून जवळपास ७७ मिमी आहे. टेप वळणावळणाने पत्र्याला चिकटवत नेला तर तीच पन्हळ २९६ मिमी भरते, म्हणजे सुमारे साडेसहा टक्के जास्त.

छपराचा गोल नागमोडी जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा याहून खादाड असतो. त्याची पन्हळ साधारण ७५ मिमी रुंद आणि १८ मिमी खोल असते. ९०० मिमी रुंदीच्या सपाट पत्र्याला पन्हळ पाडली की तो ८०० मिमीच्या आसपास उरतो. उलट्या बाजूने पाहिलं तर ८०० मिमी रुंद दिसणाऱ्या पत्र्यावर ९०० मिमी फिल्म लागते. इथे फरक साडेबारा टक्क्यांचा आहे.

ही जादाची लांबी कुठून तरी यावीच लागते. एक तर फिल्म ताणून ती काढायची, नाहीतर आधीच तेवढी जास्त फिल्म घेऊन सरीत सोडायची. बहुतेक ठिकाणी पहिला मार्ग धरला जातो, कारण तो सोपा दिसतो: फिल्म वरंब्यांवर ताठ चिकटवायची, सरीवर तिचा पूल झाला की हीट गनने तापवायचा आणि बोटाने आत दाबायचा. पूल २०६ मिमी रुंद आणि आतला रस्ता २२४ मिमी लांब, म्हणजे त्या पट्ट्यात फिल्म जवळपास नऊ टक्के ताणली जाते. चांगली कास्ट फिल्म एवढा ताण सोसते. अडचण ताण सोसण्याची नाही, ताण कुठल्या दिशेने ओढतो याची आहे.

सपाट पृष्ठभागावर ताणलेली फिल्म पत्र्याला समांतर ओढते. गोंदाला सरकवायचं म्हणजे त्याची सगळी रुंदी एकदम सोडवावी लागते, तिथे तो चिवट असतो. सरीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे उतार तळाला मिळतो, तीच फिल्म पत्र्यापासून बाहेर ओढते. इथे गोंद एका रेषेत सोलला जातो आणि सोलण्यापुढे कुठलाही गोंद दुबळा असतो. जखमेवरची पट्टी सरळ ओढली तर हलत नाही, कडेने उचलली की निघते, तसंच. वर दुपारी पत्रा ६० अंशांपलीकडे तापतो. गोंद मऊ होतो, फिल्मला आपलं मूळ माप आठवतं आणि तंबू उभा राहतो.

म्हणून शक्य तिथे ताण टाळायचा. पन्हळी पत्र्याच्या कामात यापेक्षा मोठी युक्ती नाही.

फिल्म कुठली

बाजारात दोन जातींचं व्हिनायल मिळतं. कॅलेंडर्ड फिल्ममध्ये गरम पीव्हीसीचा लगदा रुळांतून दाबत आणि खेचत पातळ करतात. ती साधारण ७५ ते १०० मायक्रॉन जाड असते. खेचली गेल्याचा ताण तिच्या अंगात राहतो आणि उन्हात ती आक्रसते. त्यातल्या मोनोमेरिक प्रकाराचा प्लास्टिसायझर (फिल्म मऊ ठेवणारं द्रव्य) लवकर निघून जातो, पॉलिमेरिकचा टिकून राहतो. तरीही पन्हळीसाठी दोन्ही नकोतच. कास्ट फिल्ममध्ये द्रवरूप पीव्हीसी सपाट कागदावर ओतून भट्टीत भाजतात. ती ५० मायक्रॉनच्या आसपास असते आणि खेचलेली नसल्याने परत आक्रसायची घाई करत नाही. किमतीत मोठा फरक पडतो हे खरं. पण स्वस्त फिल्म लावून तीन महिन्यांनी काढताना तो फरक मजुरीत वसूल होतो.

वरचं लॅमिनेशन, म्हणजे छपाईवरचा पारदर्शक संरक्षक थर, तोही कास्टच हवा. ही चूक वारंवार दिसते: खाली महाग कास्ट, वर साधं कॅलेंडर्ड लॅमिनेट. जाड थर आक्रसायला लागला की पातळ थराला सोबत घेऊन जातो.

गोंदाबाबत एक विरोधाभास समजून घ्यायला हवा. गाड्यांच्या रॅपसाठी (गाडीचं अंग मढवण्यासाठी) बनवलेल्या फिल्मचा गोंद सुरुवातीला मुद्दाम सौम्य ठेवतात, म्हणजे उचलून पुन्हा लावता येते. त्यात हवा निघून जायला बारीक नाल्याही असतात. पन्हळीत या दोन्ही गोष्टी हव्याच. मात्र सौम्य गोंद नीट दाबला नाही तर तो धरतच नाही. काही कंपन्या खोल खाचांसाठी वेगळ्या फिल्म बनवतात. घेताना माहितीपत्रकात ‘कोरुगेशन’ आणि ‘डीप चॅनल’ हे शब्द आहेत का ते पाहा. नुसतं ‘थ्रीडी’ लिहिलेलं पुरेसं नाही.

इको-सॉल्व्हंट शाईने (तिच्यातला सॉल्व्हंट म्हणजे द्रावक उडून ती वाळते) छापलं असेल तर रोल सैल सोडून किमान २४ तास, गडद रंग भरपूर असतील तर ४८ तास वाळू द्यायचा, मगच लॅमिनेट करायचं. अडकलेला सॉल्व्हंट गोंदापर्यंत पोचतो आणि कडा उचलतो. घाईच्या कामात पहिला बळी या दोन दिवसांचा जातो.

डिझाइन छापण्याआधी

फिल्म न ताणता सोडायची म्हटल्यावर चित्र फक्त आडव्या दिशेने मोठं छापावं लागतं. वरच्या कंटेनरसाठी हे प्रमाण १०६.४ टक्के आहे, उंची जशीच्या तशी. पण हा आकडा पाठ करू नका. कंटेनरच्या दारासमोरच्या आखूड भिंतीची पन्हळ लांब भिंतीपेक्षा खोल असते आणि रंगीत ट्रॅपेझॉइडल पत्रे तर प्रत्येक कंपनीचे निराळे. दर वेळी जाड दोरा किंवा मास्किंग टेप दहा पन्हळींवर वळणावळणाने चिकटवा, सोडवून मोजा आणि सरळ मापाने भागा.

आता प्रत्यक्ष हिशोब. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०५८ मीटर लांब असतो. कोपऱ्याचे खांब आणि अर्धवट पन्हळी सोडून समजा २० पूर्ण पन्हळी मिळाल्या, तर सरळ माप ५.५६ मीटर आणि खरी लांबी ५.९२ मीटर होते. एका तुकड्यात चार पन्हळी घेतल्या तर २९६ गुणिले ४, म्हणजे ११८४ मिमी, अधिक २५ मिमी जोड. एकूण १२१० मिमीच्या आत, म्हणजे १२७० मिमी रुंदीच्या रोलवर नीट बसतं. असे पाच तुकडे होतात. छापायची उंची २.३ मीटर धरली आणि वर-खाली ५० मिमी वाढवली तर प्रत्येक तुकडा २.४ मीटरचा, एकूण १२ मीटर. एक तुकडा बिघडणार असं गृहीत धरून १५ मीटर फिल्म आणि तेवढंच लॅमिनेट घ्या.

तुकड्याची कड नेहमी वरंब्याच्या सपाट पट्ट्याच्या मध्यावर यायला हवी. सरीत किंवा उतारावर कधीच नाही. चार पन्हळींचा तुकडा एका वरंब्याच्या मध्यावर सुरू होऊन पाचव्याच्या मध्यावर संपतो, म्हणून तर चारचा हिशोब. आडव्या पट्ट्या लावायच्या असतील तर खालून वर जायचं, म्हणजे छपराच्या कौलांसारखा वरचा तुकडा खालच्यावर येतो. ट्रेलरवर जाणारा कंटेनर असेल तर मागून पुढे जायचं, म्हणजे वाऱ्याला कड सापडत नाही.

अक्षरांबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं. उताराचा भिंतीशी कोन सुमारे २८ अंश आहे. भिंतीच्या कडेने त्याहून कमी कोनात पाहिलं की पलीकडे वळलेला उतार दिसेनासा होतो आणि सरीचा तळही झाकायला लागतो. रस्त्यावरून येणारा माणूस नेमका त्याच कोनातून पाहतो. शिवाय आडवी वाढ सरसकट दिलेली असते, पत्रा मात्र फक्त उतारांवर फिल्म खातो. त्यामुळे प्रत्येक पन्हळीत चित्र काही मिमी मागे-पुढे होतं. झाडं, ढग, चेहरा यांत ते कळत नाही. बारीक तिरकी रेष किंवा पातळ अक्षर असेल तर ते थरथरल्यासारखं दिसतं. मोठी, जाड, भरीव अक्षरं घ्या. शिरोरेघेचा जाडपणाही वाढवा, कारण देवनागरीत डोळा तिच्यावरूनच धावतो आणि तीच सगळ्यात आधी वाकडी दिसते. फोन नंबर आणि क्यूआर कोड पन्हळीवर टाकूच नका. दारावरची सपाट जागा त्यासाठी असते.

पत्रा तयार करणं

काळ्या कापडाने रंग जोरात घासा. कापडावर भुकटी आली म्हणजे जुना रंग खडूसारखा सुटतोय. त्यावर लावलेलं व्हिनायल भुकटीलाच चिकटतं. गंज दिसला तर घासून, प्रायमर लावून रंगवून घ्यावाच लागतो. नव्या रंगाला वेळ द्या: टू-पॅक पीयूला (दोन भाग मिसळून लावायच्या पॉलियुरेथेन रंगाला) निदान आठवडा, हवेत वाळणाऱ्या सिंथेटिक इनॅमलला तीन-चार आठवडे. हाताला कोरडा लागणारा रंग आतून सॉल्व्हंट सोडत असतो आणि तो फिल्मखाली फुगे करतो. न रंगवलेल्या नव्या जीआय पत्र्यावर कारखान्यातला तेलकट किंवा रासायनिक थर असतो आणि दमटपणात पांढरा गंजही येतो. कोकणात हे महिन्याभरात दिसतं. असा पत्रा आधी रंगवा.

चाचणी साधी आहे. एक इंच रुंद, सहा इंच लांब पट्टी सरीसकट चिकटवा, २४ तास ठेवा, मग हळू ओढा. सहज निघाली किंवा पाठीवर रंग घेऊन आली, तर भिंत अजून तयार नाही. कारखान्यात रंगवलेल्या काही पत्र्यांवर पीव्हीडीएफचा (एका फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा) थर असतो, त्यावर गोंद धड धरत नाही. तिथे ही चाचणी सगळं काम वाचवते.

धुणं साबणाच्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने, मग एक दिवस वाळवण. पाणी खालच्या पट्टीच्या सांध्यात आणि बोल्टमागे लपून बसतं, हीट गन फिरवली की बाहेर येतं. शेवटी ७० टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ३० टक्के पाण्याने पुसा. एका कापडाने ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपायचं. नुसतं उडू दिलं तर तेल होतं तिथेच परत बसतं. रॉकेल आणि टर्पेंटाइन वर्ज्य, दोन्ही मागे तेलकटपणा सोडतात. आयपीए पेट घेतो, म्हणून ते पूर्ण उडेपर्यंत हीट गन चालू करायची नाही.

लावणं

वेळ सकाळची किंवा सावलीची निवडा. पत्र्याचं तापमान १५ ते ३० अंशांत असावं. हवेचं नव्हे, पत्र्याचं, म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर हवाच. तापलेल्या पत्र्यावर फिल्म टेकताक्षणी चिकटते आणि दुसरी संधी देत नाही. हिवाळ्यात पहाटे दव पडलेलं असतं, ते पुसून पत्रा थोडा तापवा.

बाकी सामान: टोकाला फेल्ट लावलेली स्क्वीजी (फिल्म दाबत न्यायची पट्टी), अरुंद मऊ रबरी रोलर, रिव्हेट ब्रश, सुती हातमोजे, हीट गन, नव्या पात्यांचा कटर, बारीक सुई, मास्किंग टेप आणि चुंबकं. कंटेनर पोलादी असल्याने चुंबकं चिकटतात. अॅल्युमिनियमच्या ट्रक बॉडीवर ती निरुपयोगी, तिथे टेप वापरा. ओळंब्याची रेघ आखायला खडू नको, त्याची भुकटी गोंदाला लागते. टेपची उभी पट्टी लावा.

तुकडा टेबलावर उलटा पसरून मागच्या बॅकिंग पेपरला २९६ मिमीच्या अंतराने उभ्या चिरा द्या. पेपर किंचित उचलून लायनर कटरने (फक्त हा कागद कापणाऱ्या) कापायचं, फिल्मला पातं लागता कामा नये. या चिरांमुळे एका वेळी एकाच पन्हळीचा गोंद उघडा पडतो. दोन माणसांच्या हाताला यामुळे किती उसंत मिळते ते केल्याशिवाय कळत नाही.

तुकडा चुंबकांनी टांगा, ओळंब्यात आणा. त्याची पहिली कड ठरलेल्या वरंब्याच्या मध्यावर ठेवा, पहिल्या पट्टीचा कागद काढा आणि तेवढा वरंबा वरपासून खालपर्यंत स्क्वीजीने पक्का करा. आता एक माणूस उरलेला तुकडा पत्र्यापासून दूर, सैल धरतो. दुसरा वरंब्यावरून उताराकडे जातो आणि हातमोज्याच्या बोटांनी उतार वरून खाली दाबत आणतो. मग कोपरा, मग तळ, मग दुसरा कोपरा, मग चढता उतार, आणि सगळ्यात शेवटी पुढचा वरंबा. हा क्रम मोडायचा नाही. सरी भरायच्या आत फिल्म पुढच्या वरंब्याला टेकली की सरीसाठी लागणारा पदर तिथेच अडकतो, आणि मग आपोआप ताणायची वेळ येते. टेकलीच तर लगेच उचला. सौम्य गोंद त्याचसाठी आहे.

कोपऱ्यात फिल्म नीट बसण्यापुरती ऊब द्या, ४०-४५ अंश पुरे. इथे एक फसवणूक असते: पत्र्याला टेकलेल्या फिल्मची उष्णता पत्रा शोषून घेतो, म्हणून ती सावकाश तापते. हवेत लोंबणारी फिल्म मात्र एक-दोन सेकंदांत वितळायला येते. हीट गन सतत हलती ठेवा.

रिव्हेट किंवा बोल्ट आला तर भोवती फिल्म मोकळी ठेवून पुढे जा. परत येताना सुईने दोन-तीन भोकं पाडा, ऊब द्या आणि ब्रश गोल फिरवत हवा बाहेर काढा. वर-खाली जिथे पन्हळी चौकटीच्या पट्टीला वेल्ड होतात, तिथे फिल्म वेल्डवर चढवू नका, ५ ते १० मिमी अलीकडे कापा. सिलिकॉन सीलंटपासूनही तेवढंच अंतर ठेवा, त्यावर काहीच टिकत नाही. कापताना पातं पत्र्यापर्यंत गेलं तर रंग चिरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. फिल्मखाली आधीच कटिंग टेप (जिचा धागा ओढला की फिल्म कापली जाते) लावून ठेवली तर पात्याची गरज लागत नाही.

शेवटची आच

सगळं लावून झाल्यावर सरीचे दोन्ही कोपरे, रिव्हेट आणि कडा पुन्हा तापवायच्या. या वेळी ९५ ते १०५ अंशांपर्यंत, थर्मामीटर लावून, हळूहळू सरकत. फिल्म उत्पादकाचा आकडा वेगळा असेल तर तो पाळा. या आचेने फिल्मच्या अंगातला उरलासुरला ताण मोडतो आणि गोंद रंगावर पसरतो. अंदाजाने ‘गरम केलं’ हे पुरेसं नसतं. ७० अंशांवर फिल्म छान मऊ होते, पण तिची आठवण पुसली जात नाही, आणि पहिल्या कडक उन्हात ती जागी होते. थंड झाल्यावर कोपऱ्यांवरून पुन्हा रोलर फिरवा. दुसऱ्या दिवशी येऊन बघा. उचलणार असेल ते पहिल्या २४ तासांत बरंचसं उचलतं. तीन दिवस पाण्याचा फवारा नको.

सुटलेली फिल्म काय सांगते

सुटलेला तुकडा फेकायच्या आधी त्याची पाठ बघा. पाठीवर रंग किंवा भुकटी असेल तर पत्र्याची तयारी कमी पडली. पाठ स्वच्छ, चिकट आणि सुटलेली जागा सरीच्या कोपऱ्याच्या रेषेत असेल तर ताण राहिला किंवा शेवटची आच कमी पडली. पाठ गुळगुळीत, बोटाला न चिकटणारी असेल तर तेल किंवा सिलिकॉन. सगळीकडे विखुरलेले, वाटाण्याएवढे फुगे म्हणजे कच्चा रंग. कडांभोवती मळलेल्या गोंदाची काळी रेघ म्हणजे फिल्म आक्रसली, कॅलेंडर्ड असणार.

तंबू आला तर तो थंड असताना दाबू नका, पुन्हा येईल. तंबूच्या मधोमध उभी चीर द्या, म्हणजे ताण सुटेल. आत धूळ गेली असेल तर आयपीएने पुसून वाळवा, तापवून बसवा, शेवटची आच द्या आणि चिरेवर त्याच छपाईची २५ मिमी पट्टी लावा. चार हातांवरून जोड दिसत नाही.

गोल नागमोडी जीआय पत्र्यावर दुकानाचं नाव हवं असेल तर वेगळा विचार करा. ७५ मिमीची पन्हळ अक्षराचे तुकडे करते आणि जोडाला सपाट वरंबाच मिळत नाही. तिथे चौकोनी पाइपची चौकट वरंब्यांवर स्क्रूने बसवा, तिच्यावर ३ मिमी एसीपी (अॅल्युमिनियम-प्लास्टिकची थरदार) शीट आणि त्यावर साधं व्हिनायल. स्क्रू वरंब्यातूनच मारायचे आणि खाली रबरी वॉशर द्यायचा. सरीत मारलेल्या भोकातून पावसाचं पाणी आत येतं.